लेकीबरोबर साताऱ्याची हिल मॅरेथॉन: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन (घाटातली २१ किलोमीटरची रेस) जवळ आली की पत्रं वाढतातच, पण यावेळी बरीचशी पत्रं अशा आई-बाबांची आहेत जे मुलीला घेऊन वीकेंडला साताऱ्याला जाणार आहेत. मला खूप बरं वाटलं. त्यातली चार घेतेय. पहिल्यालाच जास्त जागा गेलीये, कारण ते महत्त्वाचं आहे.

प्रश्न : नमस्कार ताई, मी पुण्याची, वय ४६, काही वर्षं झाली धावतेय. लेक १८ पूर्ण आहे, आता एफवायला. दोघींनी साताऱ्याला नाव दिलंय, शनिवारी जायचं, रविवारी रेस करून परत. माझी इच्छा होती की दोघी सोबत धावू आणि हात धरून फिनिश करू, पण ती म्हणते मी माझ्या पेसने जाणार, मला थांबवू नकोस. थोडं लागलं मनाला. तिचं खाणं पण बदललंय, चढाला वजन कमी हवं म्हणून भात पोळी तूप सगळं बंद, सॅलड आणि अंड्याचं पांढरं फक्त. बारीक झालीये तर ग्रुपमध्ये सगळे कौतुक करतात. पाळी तीन महिने आली नाहीये पण ती म्हणते बरंच आहे, रेसच्या दिवशी कटकट नको. बारावीला पण पुढेमागे झाली होती म्हणून मी पण जास्त लक्ष दिलं नाही. चढाची तयारी कशी करू आणि आदल्या रात्री काय खाऊ तेही सांगा.

उत्तर : ताई, पाळीचं तुम्ही मधेच एका ओळीत लिहिलंय, मी तेच आधी घेते कारण बाकी सगळं त्याच्यानंतर.

आधी नियमित येणारी पाळी तीन महिने आली नाही तर डॉक्टरकडे जायचं, धावणारी असो नसो. आणि रेस झाल्यावर बघू असं नाही, याच आठवड्यात जा. थायरॉईड असू शकतं, पीसीओएस (हॉर्मोन्सचं संतुलन बिघडून पाळी अनियमित होणं) असू शकतं, आणखीही कारणं असतात, पण तुम्ही जे खाण्याचं वर्णन केलंय त्यावरून मला जास्त भीती ही वाटते की पोर जेवढं धावते त्याच्या निम्मं पण खात नाहीये. शरीराला इंधन कमी पडलं की ते आधी जी कामं आत्ता नाही केली तरी चालतील ती बंद करतं, आणि त्यात पाळी पहिल्या नंबरला. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या सगळ्या प्रकाराला रेड-एस असं नाव दिलं, म्हणजे खेळाडूच्या शरीरात ऊर्जेची तूट पडून होणारे सगळे बिघाड. पाळी हा त्यातला दिसणारा भाग, न दिसणारा भाग हाडांचा. पाळी थांबते म्हणजे इस्ट्रोजेन कमी झालेलं असतं आणि इस्ट्रोजेन हाडं सांभाळतं, आणि हाडांचा बहुतेक साठा विशीच्या आतच भरून घ्यायचा असतो, नंतर भरायचा म्हटलं तरी पूर्ण भरत नाही. त्या वयात एवढं धावणं आणि एवढं कमी खाणं एकत्र आलं की स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला बारीक तडे, होतात, सहसा नडगीत किंवा पावलात. तिला विचारा, नडगीवर एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखतं का, एका पायावर उडी मारली की कळ येते का. हो म्हणाली तर त्या क्षणापासून धावणं बंद आणि हाडांच्या डॉक्टरला दाखवायचं.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाल तेव्हा ती किती धावते आणि काय खाते ते नीट सांगा, नाहीतर परीक्षेचं टेन्शन म्हणून सोडून देतात. डॉक्टर प्रेग्नन्सीबद्दल पण विचारतील, ते सगळ्यांनाच विचारतात, तेव्हा तुम्ही थोडा वेळ बाहेर बसा म्हणजे ती मोकळेपणाने बोलेल. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ताची तपासणी) पण करायचं का ते विचारून घ्या, कारण फेरिटिन आधी खाली जातं आणि हिमोग्लोबिन नंतर, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल दिसतो आणि पोरगी चढावर दमत राहते. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये ॲनिमिया सापडला होता, म्हणजे धावणं बाजूलाच राहू दे, निम्म्याहून जास्त मुली तशाच वावरतायत. आणि कोणी नुसती पाळी आणायची गोळी देऊन पाठवलं तर तेवढ्यावर थांबू नका, गोळीने रक्तस्राव होतो पण खाण्यातली तूट तशीच राहते.

डॉक्टर म्हणाले यावर्षी धावू नको, तर नाही धावायचं. रेस पुढच्या वर्षी परत आहेच. त्या वीकेंडला तरीही दोघी साताऱ्याला जा असं मी म्हणेन, पण तिने बिब (छातीवरचा रेसचा नंबर) लावायचा नाही, आणि तुम्ही तुमची रेस करायची की तिच्याबरोबर थांबायचं ते दोघी मिळून ठरवा.

ग्रुपमध्ये जे कौतुक करतायत त्यांना तुम्ही स्पष्ट सांगा की तिच्या वजनावर बोलू नका. मला याचा खरंच राग येतो. मुलगी बारीक झाली की सगळे टाळ्या वाजवतात आणि कोणी विचारत नाही की जेवलीस का. अर्धा रस्ता चढ असलेली २१ किलोमीटरची रेस कर्बवर (कार्बोहायड्रेटवर) धावली जाते, सॅलडवर नाही. भात, पोळी, भाकरी, बटाटा, केळं हे परत ताटात यायला हवं, आणि धावून आल्यावर अर्ध्या-एक तासात काहीतरी खरं खाणं पोटात जायला हवं, उपमा अंडं, पोहे दही, काहीही. जेवणाबरोबर चहा नको, चहाने लोह कमी शोषलं जातं. लिंबू पिळायचं, आवळा खायचा.

आता सोबत धावण्याबद्दल. डॉक्टरांनी परवानगी दिली तर तिला तिच्या पेसने जाऊ द्या. तुम्हाला लागलं ते समजतं मला, पण घाटात दुसऱ्याच्या पेसने धावणं दोघींनाही त्रासाचं असतं, ती तुमच्यासाठी हळू झाली तर तिची पावलं बिघडणार आणि तुम्ही तिच्यासाठी ओढत नेलंत तर वर पोचेपर्यंत तुमचे पाय संपणार. ती १८ ची आहे, तिने स्वतः नाव दिलंय, तयारी स्वतः केलीये. सोबत होण्यासाठी अख्खा वीकेंड आहे की. गाडीतले तास आहेत, शनिवारची बिब घ्यायची रांग आहे, रात्री खोलीत उद्याचे कपडे काढून ठेवणं, बिबला पिना लावणं, नखं कापणं हे आहे (नखं दोन-तीन दिवस आधीच कापा खरंतर, उतारावर बोटं बुटाला पुढे आपटतात आणि नखं काळी पडतात). फिनिशनंतर भेटायची जागा मात्र आधी ठरवा, मैदानात गर्दी असते आणि फोन लागेलच असं नाही. गाडीची चावी आणि कोरडे कपडे कोणाकडे हेही ठरवा, कारण ती तुमच्या बरीच आधी येईल आणि घामाने ओली, थंडीत उभी राहील.

तयारीसाठी पुण्यात सगळं आहे, वेताळ टेकडी आहे, बोपदेव घाट आहे, सिंहगडाचा रस्ता आहे. साताऱ्याचा रूट साधारण असा की गावातून निघायचं, समर्थ मंदिरावरून बोगदा, मग यवतेश्वरचा घाट चढायचा, वरच्या कासच्या रस्त्याने पुढे जाऊन वळायचं आणि त्याच वाटेने खाली. सगळे चढाची प्रॅक्टिस करतात आणि उताराची कोणी करत नाही, आणि पाय खरे फुटतात ते उतारावर, कारण तेव्हा मांडीचे स्नायू ताणलेले असतानाच भार उचलतात. म्हणून बोपदेवला धावत वर जाऊन गाडीने खाली येऊ नका, खालीही धावत या, छोटी पावलं, टाचेने ब्रेक न मारता. चढावर घड्याळातला पेस बघायचाच नाही, श्वासावर धावायचं, एखादं वाक्य बोलता आलं पाहिजे, नाही आलं तर चाला. चालण्यात काही कमीपणा नाही, बरेच अनुभवी लोक यवतेश्वरला चालतात. शेवटचा मोठा लाँग रन दोन-तीन आठवडे आधी करून टाका, मग कमी करत या.

शनिवारी दुपारपर्यंत पोचा, वीकेंडला खेड शिवापूर टोल आणि खंबाटकी दोन्हीकडे गाड्या अडकतात. रात्री लवकर जेवा, वरण-भात, खिचडी, दही-भात, पोळी आणि बटाट्याची भाजी असं काहीही चालेल, झणझणीत मिसळ आणि कोल्हापुरी रस्सा रविवारसाठी ठेवा. लॉजवर पहाटे चारला कोणी काही देत नाही म्हणून दशम्या, केळी, राजगिऱ्याचे लाडू घरून न्या आणि रेसच्या दोन तास आधी खा. जे खाऊन घरी कधी धावला नाहीत ते तिथे खाऊ नका.

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची, शाळेत ३००० मीटरला तालुक्यात पहिली आली. मी साताऱ्याची हाफ पळणार आहे, तिला पण माझ्याबरोबर पळायचंय. ओळखीचे लोक म्हणतात फॉर्मवर वय वाढवून टाका, कोण बघतंय. टाकू का? आम्ही माण तालुक्यातले.

उत्तर : नका टाकू दादा. तिथे कोणी चक्कर येऊन पडलं तर मेडिकल टीम बिबवरची माहिती बघून काम करते, आणि ती माहितीच खोटी असेल तर त्यांनी काय करायचं? आणि मुलीला पहिला धडा हा द्यायचा का, की बाबा नियमात बसत नसलं की वय बदलतात.

पण नियम सोडा, शरीराचं बघा. १८ वर्षांखालच्या मुलींची जागतिक स्पर्धा २०१७ पर्यंत व्हायची, त्यात मुलींसाठी सपाट ट्रॅकवर धावायची सगळ्यात लांब शर्यत ३००० मीटर होती. जागतिक क्रॉसकंट्रीत (माळरानावरच्या शर्यतीत) २० वर्षांखालच्या मुली ६ किलोमीटर पळतात. जगातल्या सगळ्यात चांगल्या मुलींना त्या वयात एवढंच पळवतात आणि आपण १४ व्या वर्षी २१ किलोमीटरचा घाट कशाला पळवायचा? तिचे हाडांचे वाढीचे भाग अजून उघडे (म्हणजे वाढत) असू शकतात, आणि वेग वाढवायचं हेच वय आहे, ते लांब-लांब हळू पळण्यात घालवू नका.

तुम्ही माणचे म्हणजे ललिता बाबर तुमच्याच तालुक्यातली, मोहीची. तिने सुरुवात खो-खोने केली. मुंबई मॅरेथॉन भारतीय महिलांमध्ये ती जिंकायला लागली ते वयाची विशी ओलांडल्यावर, आणि नंतर स्टीपलचेसकडे (ट्रॅकवरची अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडायची शर्यत) वळून २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये फायनलला गेली, दहावी आली. पी. टी. उषानंतर ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवरच्या शर्यतीची फायनल गाठणारी ती पहिली भारतीय बाई. आधी खेळ, मग वेग, मग अंतर. तुमच्या मुलीने आत्ता ट्रॅक पळावा, क्रॉसकंट्री पळावी, खो-खो पण सोडू नये.

साताऱ्याला तिला न्याच. आईला किंवा मोठ्या कोणाला बरोबर घ्या आणि बोगद्यापाशी उभं करा, तिथून तुम्ही जाताना पण दिसाल आणि येताना पण. सातारकर ढोल-ताशा घेऊन रस्त्यावर असतात, तिला मजा येईल. आणि परत आल्यावर तिच्या वयाला परवानगी असलेली ३ किंवा ५ किलोमीटरची एखादी स्पर्धा बघून तिचं नाव खऱ्या वयासकट घाला.

प्रश्न : मुलगी १९ ची, पुण्यात हॉस्टेलला. नेमकी रेसच्या दिवशी पाळी येणार. तिचं पहिल्या दिवशी पोट खूप दुखतं, नेहमीची गोळी घेऊन पळाली तर चालेल का? की पाळी पुढे ढकलायची गोळी द्यावी?

उत्तर : पाळीत पळायला काही हरकत नाही, मनाई फक्त लोकांच्या डोक्यात आहे. गोळीचं मात्र जपून. आपल्याकडे पाळीच्या दुखण्यावर सर्रास मिळते ती गोळी बऱ्याचदा मेफेनॅमिक ॲसिड आणि डायसायक्लोमिन यांची असते. मेफेनॅमिक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना किडनीवर ताण आणतात, आणि डायसायक्लोमिनने घाम कमी येतो, म्हणजे अंग तापतं. दोन-अडीच तास घाटात पळायचंय, ते नको. तिला पॅरासिटामॉल चालते का हे डॉक्टरला विचारून ठेवा, आणि रात्री गरम पाण्याची पिशवी घेऊ दे. एवढं दुखत असेल की गोळीशिवाय उभंच राहता येत नाही तर ते एकदा तपासून घ्यायला हवं, रेस असो नसो. पाळी पुढे ढकलायची गोळी एका रेससाठी मी तरी देणार नाही, आणि द्यायचीच असेल तर डॉक्टरच्या सल्ल्यानेच, मेडिकलमधून परस्पर नाही.

पॅड मांडीला घासतं, त्याची ट्रायल एखाद्या लाँग रनला आधीच करायला सांगा, आणि कडेला पेट्रोलियम जेली लावायची. गडद रंगाची शॉर्ट्स. एक जास्तीचं पॅड छोट्या झिपच्या पिशवीत कमरेला. स्टार्टजवळच्या टॉयलेटला मोठी रांग लागते तर पाऊण तास आधी तिथे पोचा.

प्रश्न : रेस झाल्यावर त्याच दिवशी मुलीला कासला फुलं दाखवून परत निघावं म्हणतोय, जमेल का?

उत्तर : जमेल पण मी नाही सुचवणार. रेस त्याच रस्त्यावर असते त्यामुळे सकाळी गाड्या बंद असतात, आणि सीझनमधला रविवार म्हणजे कासला तुडुंब गर्दी, त्यात ऑनलाइन बुकिंग आधीच भरलेलं असतं. शिवाय उतार धावून आलेल्या पायांनी पठारावर फिरणं नको वाटतं, आणि खरा आखडा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो. एक सुट्टी जास्त मिळत असेल तर रविवारी साताऱ्यातच आराम करा, कंदी पेढे घ्या, सोमवारी सकाळी लवकर कास करून निघा. नसेल मिळत तर रविवारी दुपारी जेवून निघा, मधे एक-दोनदा गाडी थांबवून दोघांनीही खाली उतरून चाला, आणि रेस पळलेल्या माणसाने शक्यतो गाडी चालवू नका.