एकवीस दिवस लिहिलं, तरी काही वाटलं नाही

‘ताई, मी ५३ वर्षांची. प्रतापनगरला स्वतःचं घर, यांची पेन्शन, मुलगा पुण्याला नोकरीत. तक्रार करावी असं काही नाही, तरी सकाळी उठावंसं वाटत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून २१ दिवस कृतज्ञतेची डायरी लिहिली. घर, आरोग्य, कुटुंब, रोज तेच. कामवालीच्या मुलीच्या बारावीच्या क्लासचे ६००० भरले. रिझल्ट लागून महिना झाला, पोरीचा साधा फोन नाही. माझंच काही चुकतंय का?’

ताई,

घर, आरोग्य, कुटुंब. अहो, ही डायरी नाही, रेशनकार्ड झालं! त्यात माणूस कुठे आहे?

लिहिण्यात दम आहे, नाही असं नाही. अमेरिकेत रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो या दोघांनी २००३ साली यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पहिल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदाच, जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या होत्या. आपल्याकडे मात्र त्याचं २१ दिवसांचं व्रत झालं, उद्यापन तेवढं राहिलं. तुम्ही रविवारी एकदाच लिहा, आणि माणसाचं लिहा. एप्रिलात खिडकीच्या बाहेर अर्धा लटकून कुलरच्या ताट्या बदलून गेलेला पोरगा आठवतो? नवतप्यात अख्खं नागपूर भाजत असताना तुम्ही त्याच हवेत झोपलात. त्याचं नाव माहीत नसेल तर पुढच्या खेपेला विचारा. विचारताना थोडं अवघडल्यासारखं होईल, होऊ द्या.

आता त्या ६००० चं. राग आला ते मी समजू शकते. मलाही येतो, आणि मी तर लोकांना शहाणपण शिकवायला बसलेली बाई.

पण एक सांगते. माझ्या सासूबाई मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, भरती होत्या तेव्हाची गोष्ट. तिथे अख्ख्या विदर्भातून आणि पलीकडे छिंदवाडा-बालाघाटहून पेशंट येतात, नातेवाईक वऱ्हांड्यातच सतरंजी टाकतात. माझ्या शेजारी यवतमाळकडची एक बाई होती. पायात साधी स्लीपर, फडक्यात बांधलेल्या भाकरी. हिला काहीतरी द्यावं म्हणून मी पर्समध्ये नोटा चाचपत होते. तेवढ्यात तिनेच भाकर मोडली, वर मिरचीचा ठेचा ठेवला आणि म्हणाली, ‘खा न वो बाई, सकाळपासून काही खाल्लं नाही तुमी.’ मी सकाळपासून उपाशी आहे, हे माझ्या घरच्या कुणालाही दिसलं नव्हतं. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं असं तिला सांगितलं. ती पर्स मी पुन्हा उघडली नाही.

देणाऱ्याचा हात वर असतो ना ताई, तो खालच्याला फार जड होतो. त्या पोरीला कदाचित मार्क कमी पडले असतील, ‘काकूंचे पैसे वाया गेले’ म्हणून तोंड दाखवायची लाज वाटत असेल. किंवा विसरलीही असेल, अठरा वर्षांची आहे. आपण अठराव्या वर्षी कुणाकुणाला धन्यवाद म्हणालो होतो?

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की मोबाईलवर पुण्याचं तिकीट काढता येत नाही, दर वेळी मुलालाच सांगावं लागतं. मग त्या पोरीकडून शिका की! तिच्यासमोर बसा, चुका, ती हसेल. तुम्हाला देण्यासारखं तिच्याजवळही काही आहे, हे तिला कळू द्या. पैसे भरण्यापेक्षा हे कठीण जाईल तुम्हाला, पत्राच्या सुरावरूनच दिसतंय.

आणखी एक. सकाळी उठावंसं न वाटणं बरेच आठवडे चाललं असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर डायरी बाजूला ठेवा आणि डॉक्टरला दाखवा. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तिथे फोन केला म्हणजे आपण कृतघ्न, असं मनातसुद्धा आणू नका.

पोरीला फोन मात्र आजच करा. रिझल्टचं विचारू नका, तिकिटाचं विचारा. ती आली की पोहे टाका, आणि तर्री जरा सढळ हाताने वाढा.