बाघजानला निघण्याआधी

बाघजानवर फिल्म करायला नाशिकहून थेट आसाम गाठायच्या आधी एक लक्षात घे. बाघजानची तेल-वायूची विहीर २७ मे २०२० ला फुटली, ९ जूनला पेटली आणि नोव्हेंबरात विझली. ज्वाळा आता मिळणार नाहीत. मिळतील माणसं, मागुरी-मोटापुंगची पाणथळ आणि कागद. अर्ज, पंचनामे, पावत्या सपाट ठेवून वरून शूट कर, मग तारखेचा आणि शिक्क्याचा क्लोजअप घे.

आवाजाचा सराव रामकुंडावरच कर. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर, त्यावर वाऱ्यासाठी केसाळ टोपी, कानात हेडफोन. प्रत्येक जागेचा ३० सेकंद नुसता आवाज घे. तो नसेल तर एडिटिंगमध्ये कट कानाला खटकतात. कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंद ठेव, १/६० ला ट्यूबलाइट लुकलुकते. ड्रोनचा सराव मात्र ओझर-देवळालीकडे नको, तिथे लष्कर आणि हवाई दल आहे.

संमती कॅमेऱ्यावर, त्यांच्याच भाषेत घे: फिल्म कुठे दाखवणार, नाव द्यायचं का. साक्षीदाराला लपवायचं असेल तर चेहरा धूसर करणं म्हणजे अर्धंच काम. आवाज, हातावरचं गोंदण, दारातली सायकल यांवरून गाव माणूस ओळखतं. अशांची मुलाखत परक्या खोलीत घे.

फुटेज व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नकोस. तिथे फाइल लहान होऊन चित्राचा दर्जा घसरतो, वेळ-ठिकाणाची नोंदही जाते. मूळ फाइल न कापता दोन हार्ड डिस्कवर ठेव, दोन्ही एकाच बॅगेत नकोत. कच्ची फिल्म पहिल्यांदा गावाला दाखव.