खाऊन बघा : जोधपूरला जाणाऱ्यांची पत्रं

मागच्या अंकात बाजरीच्या सोगऱ्यावर, म्हणजे मारवाडातल्या भाकरीवर लिहिलं आणि पत्रांची रीघ लागली. दिवाळीच्या सुट्टीत अर्धं नागपूर राजस्थानात असतं, तेव्हा लोकांना तिथल्या जेवणाची चौकशी करावीशी वाटली याचा मला फार आनंद झाला. माझे यजमान जोधपूरच्या ‘काझरी’त, म्हणजे १९५९ साली उभ्या राहिलेल्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत होते. मुलं तिथेच शिकली, महिन्याचा किराणा तिथेच भरला, आणि पाहुणे आले की त्यांना घेऊन बाहेर जेवायला निघायचो तेही तिथेच. पत्रं बरीच होती. ज्यांत वेगळा प्रश्न होता ती घेतली आहेत.

आम्ही चौघं दोन दिवस जोधपूरला असू. हॉटेलच्या पॅकेजात ‘शाही राजस्थानी थाळी’ आहे. सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत. थाळी घ्यावी का?
*— एक वाचक, धरमपेठ*

एकदा घ्या, दोन्ही दिवस नको. आणि घेण्याआधी विचारा, ताटात केर-सांगरी (वाळवलेल्या रानफळांची आणि शेंगांची भाजी) आहे का, राबोडी आहे का, पापड-मंगोडीची भाजी आहे का? ‘मॅडम, पनीर लबाबदार आहे’ असं उत्तर आलं तर ते ताट सोडून द्या. वाट्या कितीही मांडलेल्या असोत.

यामागचं कारण सांगते. मारवाडात पाऊस कमी आणि बेभरवशाचा. हिरवी भाजी बारा महिने मिळेल ही शाश्वती तिथल्या बाईला कधीच नव्हती. म्हणून तिचा स्वयंपाक वाळवणावर उभा राहिला. आपण विदर्भात एप्रिल-मे महिन्यात गच्चीवर मुंगवड्या आणि सांडगे घालतो ना, तसं तिकडे मुगाची मंगोडी घालतात. मक्याचं पीठ आंबट ताकात शिजवून, पातळ पसरून वाळवलं की राबोडी होते. तिचे तुकडे दह्याच्या रश्शात सोडले की अर्ध्या तासात भाजी तयार. दही, ताक, तूप आणि बेसन ही रोजची सामग्री. पाण्याऐवजी ताकात शिजवायचं हे तिथे इतकं अंगवळणी पडलेलं आहे की साधी बाजरीची राब, म्हणजे पातळ पेजसुद्धा ताकातलीच असते. जे हॉटेल हे पदार्थ मनापासून करतं ते जोधपूरचं. बाकीची हॉटेलं जोधपुरात आहेत एवढंच.

सासूबाईंची काळजी करू नका. जैन आणि वैष्णव घरांमुळे कांदा-लसणाशिवायचं जेवण तिथे सहज मिळतं, सगळी मदार हिंगावर असते. फक्त ऑर्डर देताना सांगा, कारण गट्ट्याच्या, म्हणजे बेसनाच्या उकडलेल्या तुकड्यांच्या रश्शात काही ठिकाणी लसूण असतो.

गावात थाळी खायची तर सरदारपुऱ्यातलं जिप्सी. शुद्ध शाकाहारी आहे, पोट भरेपर्यंत वाढतात. तिथे गट्टे आले की चमच्याच्या कडेने एक कापून बघा. चांगला गट्टा दाबल्याबरोबर तुटतो, आतपर्यंत रस्सा मुरलेला दिसतो आणि जिभेवर ओवा जाणवतो. मधे पांढरट कोरडं पीठ दिसलं तर बेसनात मोहन कमी पडलंय. ही पारख एकदा जमली की आपल्या पाटोडीच्या रश्शालाही लावता येते. मुलांना गुलाबजामची भाजी जरूर मागवा. नावावरून ती गोड वाटेल, पण तो बिनपाकातला खव्याचा गोळा असतो, तिखट रश्शात सोडलेला. आणि काबुली मिळाली तर सोडू नका. भाज्या, दही, तळलेले पावाचे तुकडे, सुकामेवा असे थर लावलेला हा भात खास जोधपूरचा.

काकू, आम्ही मित्र पक्के सावजी खाणारे. लाल मांस सावजीपेक्षा जहाल असतं म्हणून पैज लागली आहे. खरं आहे का? कुठे खावं?
*— एक विद्यार्थी, महाल*

पैज लावून ते खाऊ नकोस रे बाळा, त्या पदार्थावर अन्याय होईल.

सावजी आपल्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरातून आलं. त्याची सगळी ताकद काळ्या मसाल्यात. खोबरं, खसखस, दगडफूल, धणे, मिरी काळपट होईपर्यंत भाजायचं, बारीक वाटायचं, जुन्या घरांमध्ये जवसाच्या तेलात परतायचं, मग वर तर्री येते. पहिल्या घासाला मसाला कळतो आणि तिखट घशात मागाहून उतरतं.

लाल मांसाची रीत निराळी. त्यात खोबरं नाही, खसखस नाही, भाजून काळं केलेलं काहीही नाही. मटण, दही, भरपूर लसूण, तूप, मोजका खडा मसाला आणि मथानियाची मिरची. मथानिया हे जोधपूरजवळचं गाव. तिथली मिरची रंगाला अशी की भिजत घातली की पाणीसुद्धा लालभडक होतं. ती भिजवून वाटतात, पूड क्वचितच वापरतात. राजपुतांच्या शिकारीच्या मुक्कामावर हा पदार्थ जन्मला असं तिकडे सांगतात. ते खरं असावं असं मला वाटतं, कारण जंगलात बरोबर नेता येईल एवढंच सामान त्यात आहे.

तिखट आहेच. पण नीट केलेल्या लाल मांसात आधी मिरचीचा स्वाद लागतो, किंचित गोडसर, धुरकट, आणि त्यामागून मटणाची चव. सावजीवर वाढलेल्या जिभेला ते कदाचित सौम्यही वाटेल. म्हणून पैज बाजूला ठेव आणि मटण किती शिजलंय, मिरची कशी मुरलीय तिकडे लक्ष दे.

ओळखायचं कसं ते सांगते. वाटी समोर आली की थोडी कलती कर. कडेला लाल, नितळ तूप सुटलेलं दिसलं पाहिजे आणि खाली रस्सा पातळसर हवा. रस्सा घट्ट, नारिंगी आणि आंबट लागला तर त्यात टोमॅटोची प्युरी आहे. साय किंवा काजूची पेस्ट असेल तर पर्यटकाला सोसावं म्हणून घातलेली आहे. एका बड्या हॉटेलात आमच्यापुढे असंच काजूचं लाल मांस आलं होतं, आणि जेवण होईपर्यंत यजमान एक शब्द बोलले नाहीत. त्यांना त्या पदार्थाचं इतकं प्रेम होतं.

म्हणून हॉटेलच्या मागे लागू नकोस. जुन्या शहरात काही हवेल्यांमध्ये मालकाचं कुटुंब स्वतः राहतं आणि वर चार खोल्या पाहुण्यांना देतं. अशा ठिकाणी उतर. सकाळीच सांगून ठेव, ‘रात्री लाल मांस, घरी करता तसं’. दुपारी मटण येईल, संध्याकाळभर मंद आचेवर शिजेल. डिसेंबर-जानेवारीत गेलास तर सोबत बाजरीचा सोगरा माग. पोळीबरोबर तो रस्सा पांगतो, सोगऱ्याबरोबर बसतो.

मिरचीवरून एक जिव्हाळ्याची गोष्ट. मथानियात भूजल खाली गेलं, पिकावर रोग पडले, मिरचीचं क्षेत्र आटत गेलं आणि बाजारात त्या नावाने दुसरीच मिरची विकली जाऊ लागली. आपल्या भिवापुरी मिरचीची कहाणी वेगळी नाही. तिला भौगोलिक मानांकन मिळालं, पण खरी भिवापुरी मिळवायला ओळखीचा शेतकरी लागतो. जोधपूरला जाणाऱ्या आणि खाण्यावर जीव असलेल्या मुलांनी या दोन्ही मिरच्या मागून, नाव घेऊन, पैसे मोजून घ्याव्यात अशी माझी कळकळीची विनंती आहे. मागणारं गिऱ्हाईक राहिलं तरच कोणी लावेल.

सकाळी तर्री-पोह्यांशिवाय आमचं चालत नाही. तिकडे नाश्त्याला काय?
*— प्रतापनगरहून एक कुटुंब*

मिर्चीबडा. जाड, फिकट हिरवी, हाताच्या बोटाहून मोठी मिरची. आत बटाट्याचं आंबट-तिखट सारण. वर बेसनाचा जाडसर थर. जोधपूरकर तो ब्रेडच्या स्लाइसमध्ये दाबून खातात, तुम्हीही तसाच खा. ब्रेडमुळे तेल आणि तिखट दोन्ही आवरतं. नई सडकेवरचं जनता स्वीट होम यासाठी ठीक, कारण तिथे गर्दी असते आणि घाणा सारखा चालू असतो. मात्र दुकान कुठलंही असो, परातीत रचून ठेवलेला बडा घेऊ नका. कढईतून निघण्याची वाट बघा. गार झालेल्या मिर्चीबड्याचं बेसन रबरासारखं होतं आणि मिरची पाणी सोडते.

त्यानंतर मावा कचोरी, चौघांत एक. आत खवा आणि सुकामेवा, तुपात तळून पाकात बुडवलेली. रिकाम्या पोटी अख्खी खाऊ नका, मग दिवसभर काहीच खाववत नाही. घंटाघराकडे गेलात तर शाही समोसा आहे, आणि तिथल्याच दरवाजालगत मिश्रीलालची मखनिया लस्सी. ती चमच्याने खायची असते, वेलचीचा वास आणि वर लोण्याचा गोळा. दुपारी बाराच्या सुमाराला जा आणि मग जेवणाची घाई करू नका.

मेहरानगढ दिसेल अशा गच्चीवरच्या हॉटेलात जेवायची बायकोची इच्छा आहे. चव कशी असते?
*— एक वाचक, मनीषनगर*

दृश्य सुंदर असतं, चव बेताची. गच्चीवर पैसे किल्ल्याचे घेतात, आणि ते वाजवी आहे. सूर्यास्ताला चहा आणि पकोडे घ्या, किल्ल्यावर दिवे लागेपर्यंत बसा, मग खाली उतरून गावात जेवा. बायकोला गच्चीवरच जेवायचं असेल तर मात्र तिचं ऐका आणि दालबाटी मागवा. तिथे तेवढी सहसा बिघडत नाही. बाटी फोडून तुपात भिजवून द्यायला सांगा. अख्खी आणली तर ती नुसती शोभेला राहते.

मुलांच्या सुट्ट्या मे महिन्यात. उकाड्याची आम्हाला सवय आहे. जावं का?
*— एक शिक्षिका, कळमेश्वर*

जाऊ नका. जोधपूरच्या पुढे, जैसलमेरच्या वाटेवरच्या फलोदीत मे २०१६ मध्ये पारा ५१ अंशांवर गेला होता. नागपूरकरांची सवय त्याला पुरत नाही. शिवाय त्या दिवसांत ताक, राब आणि कच्चा कांदा सोडून काही खावंसंच वाटत नाही. सोगरा, लाल मांस, दूध-फिणी हे सगळं थंडीचं खाणं. डिसेंबरची आठ दिवसांची सुट्टी मिळत असेल तर तेव्हा जा.

येताना काय आणावं? भुजिया तर नागपुरातच मिळतो.
*— एक वाचक, लक्ष्मीनगर*

अगदी बरोबर. नागपूरचं हल्दीराम मुळात बिकानेरच्या घराण्याचं, आणि बिकानेरी भुजियात बेसनाबरोबर मटकीचं पीठ असतं हे आता इथल्या पोरांनाही ठाऊक आहे. त्यासाठी बॅगेत जागा अडवू नका. मावा कचोरीही नको, पाक गळतो आणि खवा दुसऱ्या दिवशी आंबतो.

केर-सांगरी आणा. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपण दसऱ्याला पुजतो ती शमी. याच झाडासाठी १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात अमृतादेवी आणि तिच्याबरोबरचे बिष्णोई, सगळे मिळून ३६३ जण, कुऱ्हाडीखाली गेले. दुष्काळात माणसाला आणि जनावराला जगवणारं झाड आहे ते. ती भाजी ताटात आली की एवढं तरी मुलांना सांगा.

घंटाघराच्या बाजारात वाळवलेली मिळते. महाग वाटेल, पण वेचायला फार कष्ट असतात आणि वाळल्यावर फार थोडी उरते. सांगरी बारीक, काळपट तपकिरी आणि सारख्या जाडीची बघून घ्या. जाड, फिकट शेंग जून असते, कितीही शिजवली तरी दाताखाली दोऱ्यासारखी येते. केर लहान दाण्याचे घ्या, मोठे कडवट लागतात. घरी आल्यावर दोन्ही वेगवेगळे धुवा. सांगरीत वाळू असते, तेव्हा पाणी स्वच्छ निघेपर्यंत चार-पाच वेळा बदला. रात्रभर भिजवा, केरांसाठी पाण्याऐवजी ताक घेतलंत तर कडवटपणा उतरतो. सकाळी उकडून पाणी पूर्ण निथळा. कढईत तेल सढळ हाताने घ्या, जिरं, हिंग, अख्ख्या लाल मिरच्या, मग हळद, धणेपूड, तिखट, शेवटी आमचूर आणि आवडत असतील तर थोडे बेदाणे. पाण्याचा थेंब घालू नका. पाणी नसल्यामुळेच ती टिकते, थंडीत फ्रिजबाहेरही दोन-तीन दिवस राहते आणि मुरल्यावर जास्त चांगली लागते. आपल्याकडे ज्वारीच्या भाकरीबरोबर छान जाते, फक्त भाकरीवर तूप हवं.