एल आकाराच्या हॉलमध्ये पडदा कुठे, स्पीकर कुठे?

प्रश्न : महाल भागातील आमच्या जुन्या घराचा हॉल इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराचा आहे. मुख्य भाग पूर्व-पश्चिम २० फूट लांब व ११ फूट रुंद आहे. दक्षिणेची भिंत सलग आहे. उत्तरेची मात्र पश्चिमेकडून १२ फुटांवर संपते आणि पुढचे ८ फूट जेवणाच्या जागेकडे उघडे आहेत. पूर्वेच्या खिडकीत कूलर आहे, छताच्या मध्यभागी पंखा आहे आणि खाली कोटा फरशी. १०० इंची पडदा दक्षिणेच्या भिंतीवर लावून सोफा समोरच्या भिंतीला टेकवला आहे व प्रोजेक्टर बाजूच्या शोकेसवर ठेवला आहे. मेकॅनिकने ५.१ संचाचे (पाच स्पीकर व खर्जासाठी एक सबवूफर) मागचे दोन्ही स्पीकर छताच्या कोपऱ्यांत बसवले. त्यांतील एक थेट जेवणाच्या जागेत गेला. चित्र तिरके दिसते आणि संवाद नीट कळत नाहीत. प्रोजेक्टरच्या पुस्तिकेत थ्रो रेशिओ १.५ ते १.८ दिला आहे. काय करावे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्या पत्रावरून असे दिसते, की सर्वांत मोठी मोकळी भिंत पाहून पडदा लागला, मग उरलेल्या जागेत सोफा गेला आणि शेवटी जिथे कोपरा मिळाला तिथे स्पीकर गेले. हा क्रम पूर्ण उलटा करावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. आधी पाहणाऱ्याचे डोके कुठे असेल ते ठरवावे आणि बाकी सारे त्या जागेपासून मोजावे.

पडदा पश्चिमेच्या आखूड भिंतीवर घ्या. १०० इंची पडद्याची रुंदी सुमारे ८७ इंच असते, त्यामुळे ११ फुटांच्या भिंतीवर दोन्ही बाजूंना पावणेदोन फुटांहून थोडी जास्त जागा उरते आणि समोरचे डावे-उजवे स्पीकर तिथे मावतात. सोफा पडद्यापासून ११ फुटांवर ठेवावा. डॉल्बीच्या मार्गदर्शनानुसार हे दोन स्पीकर नाकासमोरच्या रेषेपासून प्रत्येकी २२ ते ३० अंशांवर असावेत. आपल्याकडे ते जेमतेम २२ अंशांवर येतील, म्हणून त्यांना भिंतीपासून फूटभर पुढे ओढावे.

मागच्या स्पीकरांना ‘मागचे’ म्हणण्याची सवयच आपल्याला नडते. ५.१ रचनेत ते पाठीमागे दूर कोपऱ्यात नसतात. ते कानांच्या बाजूला, किंचित मागे, म्हणजे साधारण ११० अंशांवर असतात. आपल्या हॉलमध्ये ही जागा पडद्यापासून सुमारे १३ फुटांवर येते. डावा स्पीकर दक्षिणेच्या भिंतीवर सहज बसेल, पण उजव्यासाठी तिथे भिंतच नाही, कारण ती एक फूट आधी संपते. त्या एका फुटासाठी स्पीकर जेवणाच्या जागेतील पलीकडच्या भिंतीवर नेऊ नये. आवाजाला एक फूट कापायला एक मिलिसेकंदाहून किंचित कमी वेळ लागतो आणि हा फरक ॲम्प्लिफायरमध्ये अंतर नोंदवून भरून काढता येतो हे खरे. मात्र त्या मोकळ्या भागात जो घुमारा तयार होतो तो कोणत्याही सेटिंगने जात नाही. उत्तरेच्या भिंतीची रेषा मनाने पुढे वाढवून त्या रेषेवर स्टँड उभा करावा. उंची दोन्हीकडे सारखी, बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा फूट-दोन फूट वर, म्हणजे जमिनीपासून सुमारे ५ फूट असावी. उघड्या भागावर जाड पडदा टांगून तो चित्रपट पाहताना ओढला, तर उजवी बाजू पोकळ वाटणार नाही.

संवादांचा प्रश्न मधल्या स्पीकरचा आहे, कारण चित्रपटातील बहुतेक बोलणे त्याच्यातूनच येते. तो आपण शोकेसच्या कप्प्यात आत सरकवून ठेवला असावा असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर त्याच्या तोंडासमोर फळीचा हातभर पृष्ठभाग राहतो, आवाज त्यावर आपटून वर येतो आणि शब्दांच्या कडा बोथट होतात. स्पीकर फळीच्या अगदी काठाशी आणावा आणि समोरच्या कडेखाली रबराचे दोन तुकडे देऊन तोंड कानाच्या दिशेने उचलावे. पडदा आणि सोफा यांच्यामध्ये कोटा फरशीवर जाड सतरंजी अंथरावी. उन्हाळ्यात कूलर चालू असताना हळू बोलणे त्याच्या घरघरीत बुडते. तेव्हा सगळा आवाज वाढवण्यापेक्षा फक्त मधला स्पीकर दोन-तीन डेसिबलने वाढवावा.

आता प्रोजेक्टर. थ्रो रेशिओ म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या किती पट अंतरावर भिंग असावे, ते प्रमाण. आपल्याकडे ते १.५ पटीला जवळजवळ ११ फूट आणि १.८ पटीला १३ फूट येते. ११ फुटांची जागा पंख्याच्या पात्यांच्या आवाक्यात आहे, कारण पंखा १० फुटांवर असून पाती त्याच्या मध्यापासून साधारण दोन फूट पसरतात. म्हणून १३ फूट घ्यावे. नळीचा ब्रॅकेट वापरून भिंग पात्यांच्या पातळीखाली आणावे, म्हणजे झोत पंख्याखालून जाईल आणि पडद्यावर फिरती सावली पडणार नाही. भिंग पडद्याच्या मध्यरेषेसमोर आले की तिरकेपणा आपोआप जाईल. आज आपण प्रोजेक्टरमधल्या ‘कीस्टोन’ या सेटिंगने चित्र सरळ करत असाल, तर त्यात चित्र आतल्या आत आकसते आणि बारकावे गमावले जातात. ते सेटिंग शून्यावर आणावे.

कूलरची हवा प्रोजेक्टरवर थेट येऊ देऊ नका, कारण तीत ओलावाही असतो आणि धूळही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तर बहुतेक प्रोजेक्टरांच्या पुस्तिकांत खोलीच्या तापमानाची मर्यादा ३५ ते ४० अंश दिलेली असते. छताजवळची हवा तर आणखी तापलेली असते. उन्हाळ्यात चित्रपट रात्रीच पाहावा आणि प्रोजेक्टरची जाळी पंधरा दिवसांनी साफ करावी.

सबवूफरची जागा शोधण्याचा एक जुना उपाय आपल्यासारख्या वेड्यावाकड्या खोलीत फार कामी येतो. सबवूफर तात्पुरता सोफ्यावरच ठेवावा, खर्जातला सलग वाजणारा तुकडा लावावा आणि जमिनीलगत रांगत फिरावे. जिथे खर्ज भरीव पण आटोपशीर ऐकू येईल, तिथे तो बसवावा.

भिंतीत खाचा पाडण्याची घाई मात्र करू नका. आठवडाभर तारा फरशीवरूनच जाऊ द्या, घरातल्या प्रत्येकाला सोफ्याच्या दोन्ही टोकांवर बसवून ऐकवा, आणि मगच अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणून गवंड्याला बोलवा.