नाव घातलंत, तिथं बोट तुमची झाली

जुळे सोलापूरच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. त्यांनी एप्रिलअखेर पुण्याच्या एका गृहस्थांकडून १६ फुटी, फायबरची, शिडाची जुनी बोट ट्रेलरसकट २ लाख ८० हजारांना घेतली. शीड हाताळायची ही पहिलीच वेळ. २ लाख २० हजार रोख-ऑनलाइन मिळून दिले. उरलेले ६० हजार ‘बोट पाण्यात उतरवून पाहिल्यावर’ द्यायचे, असं कागदावर आहे. उजनी धरण तेव्हा मायनसमध्ये, म्हणजे उपयुक्त साठा संपलेला, म्हणून बोट पाच महिने अंगणात ताडपत्रीखाली. सप्टेंबरच्या शेवटी पळसदेवच्या बाजूला उतरवली, तर तासाभरात घोट्यापर्यंत पाणी. मग एमआयडीसीतल्या फायबरवाल्याकडून पॅच मारला, नवा रंग दिला, मुलीचं नाव घातलं. दिवाळीनंतर पुन्हा तेच. आता बोट परत करायची आहे. विक्रेता म्हणतो, कागदात ‘जशी आहे तशी’ लिहिलंय, ६० हजार टाका नाहीतर दावा लावतो.

जुना ट्रॅक्टर, जुनी मोटार, जुना यंत्रमाग अशा नावांनी हाच प्रश्न माझ्याकडे दर महिन्याला येतो. बोट पहिल्यांदाच आली, एवढंच नवीन.

तुमच्या पत्रात दोन भीती आहेत: ‘जशी आहे तशी’ हे शब्द आणि वाया गेलेले पाच महिने. दोन्ही चुकीच्या जागी आहेत. पाच महिन्यांचं उत्तर तुमच्याच कागदात आहे. ‘पाण्यात उतरवून पाहिल्यावर’ असं लिहिलंय, म्हणजे तपासणीचा दिवस दोघांनी मिळून पाण्यावर ठेवला. मालविक्री कायदा, १९३० च्या कलम ४१ नुसार तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत माल स्वीकारला असं धरत नाहीत. वाजवी वेळ किती, हा वस्तुस्थितीचा प्रश्न. उन्हाळ्यात उजनीत बुडालेलं पळसनाथाचं देऊळ पाण्याबाहेर येतं, तेव्हा बोट उतरवायला पाणी नव्हतं हे कुणालाही पटवता येईल. (तरी एक विचारतो. सेंटरबोर्डच्या (तळातून पाण्यात सोडायच्या फळीच्या) खोक्याचा सांधा गळतो का, हे पाहायला धरण लागत नाही. बोट ट्रेलरवर असतानाच आत चार बोटं पाणी सोडायचं आणि खाली वाकून बघायचं. आपल्या नळाला रोज पाणी येत नाही, मान्य. दोन ड्रम तर भरलेले असतात ना?)

तुमचा घात केला तो सप्टेंबरनंतरच्या आठवड्यानं. कलम ४२ सांगतं की ताब्यात आलेल्या मालाबाबत, तो अजून विक्रेत्याचाच आहे या गोष्टीशी विसंगत असं काही तुम्ही केलंत, तर माल स्वीकारला असं धरलं जातं. नुसता पॅच असता तर मी भांडलो असतो, नुकसान वाढू नये म्हणून तात्पुरती डागडुजी केली असं म्हटलं असतं. पण रंग? नाव? परत करायच्या बोटीवर कुणी मुलीचं नाव घालत नाही, आणि समोरचा वकील पहिला फोटो तोच दाखवेल. अक्कलकोट रोडच्या एका अशिलानं जुन्या मागाला नवी मोटर बसवून दोन महिने टॉवेल काढले आणि मग माग परत घ्या म्हणून माझ्याकडे आला. त्यालाही हेच सांगावं लागलं होतं. त्या संध्याकाळी, ओल्या पायांनी, ‘बोट नाकारतो, घेऊन जा’ एवढा एक मेसेज पाठवला असतात तर पुरे होतं. कलम ४३ प्रमाणे बोट पुण्याला पोचवायची जबाबदारीसुद्धा तुमच्यावर नव्हती.

तेव्हा बोट परत करण्याचा नाद सोडा. स्वीकारलेल्या मालाबाबत कलम १३ ची वाट नुकसानभरपाईकडे जाते, आणि तिथं तुमची बाजू वाटते तितकी पडकी नाही. कलम ५९ म्हणतं की हमी मोडली असेल तर ते नुकसान खरेदीदाराला किमतीतूनच वळतं करून मागता येतं. तुमचे ६० हजार अजून तुमच्याच खिशात आहेत. ते देऊ नका. तो दावा लावतो म्हणतो, लावू द्या. आपल्याकडे दिवाणी दाव्याच्या तारखा कशा पडतात हे मी रोज पाहतो. वादी होऊन त्या मोजण्यापेक्षा प्रतिवादी होऊन मोजलेल्या बऱ्या. त्या रकमेचा पुढच्या तारखेचा चेक दिला नाहीत हे नशीब. दिला असता आणि बँकेला ‘पेमेंट थांबवा’ कळवलं असतं, तर चेकविषयीच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ चा फौजदारी फेरा मागे लागला असता.

‘जशी आहे तशी’चं काय? त्या शब्दांनी कायद्यानं गृहीत धरलेल्या हम्या बऱ्याच अंशी पुसल्या जातात. विक्रेता गप्प राहिला असता तर तुम्ही बघून का घेतली नाहीत, एवढ्यावरच तुम्ही अडकला असता. पण सौद्याआधी त्यानं व्हॉट्सॲपवर लिहिलंय, ‘तळ कोरडा, थेंब घेत नाही.’ ही त्यानं स्वतःहून दिलेली ग्वाही आहे. ती कागदातल्या ओळीवर मात करेलच, असं छातीठोक सांगणार नाही. ते न्यायाधीशांवर आहे.

ती खोटी ग्वाही जाणूनबुजून दिली होती हे दाखवणारी वस्तू तुमच्या पत्राच्या शेवटी, जाता जाता आली आहे. फायबरवाल्यानं सांधा घासला तेव्हा आतून पिवळट, जुनी पुट्टी निघाली, वरून पांढरा रंग मारलेली. त्यानं तुम्हाला फोटो पाठवला आणि तुम्ही अंगठ्याचा इमोजी टाकून पुढं गेलात! अहो, अख्ख्या प्रकरणात तो फोटो सर्वांत मोलाचा. आधी कुणीतरी हीच गळती बुजवली होती, याचा तो पुरावा आहे. त्या कारागिराकडून बिल घ्या, त्यावर काय आढळलं ते तारखेसह लिहून घ्या. फोन जपा, चॅट पुसू नका, हँडसेट बदलू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. आणि दुसरा पॅच, तज्ज्ञानं बोट पाहून लेखी अहवाल दिल्याशिवाय, मुळीच मारू नका.

ग्राहक आयोगाबद्दल विचारलंत. स्वतःची एकच बोट विकणारा माणूस व्यापारी ठरणं कठीण. तो बोटी घेऊन-विकून कमावतो हे दाखवता आलं तर सोलापूर जिल्हा आयोगात जाता येईल, मुदत दोन वर्षं. दिवाणी दाव्याला साधारण तीन. पोलिसांत गेलात तर ‘दिवाणी बाब आहे’ हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा.

ट्रेलर वेगळा. मोटार वाहन कायद्यात ट्रेलरही वाहनच आहे, त्याला नोंदणी लागते. आरसी असेल तर फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदला. खरेदीदाराची मुदत ३० दिवसांची, ती केव्हाच उलटली. आरसीच नसेल तर तो हायवेला काढू नका आणि हेही विक्रेत्याला पाठवायच्या नोटिशीत घाला.

मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशीच्या पाण्यात वादळी वाऱ्यानं प्रवासी बोट उलटून सहा जण गेले. तुमची बोट पाणी घेते हे आता तुम्हाला लेखी माहीत आहे. अशा बोटीत पाहुणे बसवून काही झालं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ (निष्काळजीपणानं मृत्यू) तुमच्यावर येईल, विक्रेत्यावर नाही. बोटीला इंजिन असेल तर अंतर्देशीय जलयान कायद्याची नोंदणी आणि उजनीवर फिरवायला जलसंपदा विभागाची परवानगी, हे दोन्ही आधी विचारून घ्या.

नोटीस या आठवड्यात जाऊ द्या, स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह. तिच्यात बोट परत घ्या असं कुठंही लिहू नका. दुरुस्तीचा खर्च, मूल्यातली घट आणि ६० हजार त्यात वळते, एवढंच.