वही कपाटातून काढा

तुमच्या पत्रात मुलाच्या मार्कांना एक ओळ मिळालीय आणि बोटीवरच्या पगाराच्या हिशेबाला अर्धं पान. बारावीला पीसीएममध्ये ७१ टक्के, तुम्हाला तो मर्चंट नेव्हीत हवा. ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ या प्रवासी जहाजाच्या आगीबद्दल वाचून तो नको म्हणाला, तर तुम्ही त्याला भित्रा ठरवलंत आणि त्याची वही कपाटात कुलूपबंद केलीत. त्या वहीत त्यानं जहाजाच्या कॉरिडॉरचे नकाशे काढलेत, धूर कुठून कुठे वळला ते बाणांनी दाखवलंय, हे तुम्हीच लिहिता. भित्रं मूल असल्या तपशिलाच्या वाटेलाच जात नाही. तो शब्द घरात पुन्हा काढू नका.

‘आग कुणीतरी लावली होती, त्यात शिकण्यासारखं काय?’ असं तुम्ही विचारता. इथेच गफलत होते. ७ एप्रिल १९९० च्या पहाटे, ओस्लोहून फ्रेडरिक्सहाव्हनला जाणाऱ्या या फेरीबोटीत आग लावली गेली हे खरं. पण १५९ माणसं गेली, ती बहुतेक धुरानं. भिंतींवरच्या मेलामाइन लॅमिनेटमधून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू सुटले. कितीतरी अग्निरोधक दारं बंदच झाली नाहीत. आगीला हवा मिळू नये म्हणून व्हेंटिलेशन थांबवलं, तर केबिनमधून धूर बाहेर रेटणारा दाबच गेला आणि फटींतून धूर आत शिरला. कर्मचारी नवे, ड्रिल झालेली नाही, कित्येकांना प्रवाशांची भाषा कळत नव्हती. काडी कुणी ओढली याच्याशी यातल्या एकाही गोष्टीचा संबंध नाही! म्हणून १९९२ मध्ये सोलास या जहाजसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुरुस्त्यांनी जुन्या प्रवासी जहाजांनाही स्प्रिंकलर, स्मोक डिटेक्टर आणि जमिनीलगतचे मार्गदर्शक दिवे टप्प्याटप्प्यानं लागू केले. अशाच दुर्घटनांतून आयएसएम कोड, म्हणजे जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाची आंतरराष्ट्रीय नियमावली, आला. १ जुलै १९९८ पासून प्रवासी जहाजांना तो सक्तीचा झाला आणि किनाऱ्यावरच्या ऑफिसलाही जबाबदार धरलं जाऊ लागलं.

तुमचा मुलगा नेमकं हेच काम बघतोय. नागपूरच्या नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेजात फायर इंजिनिअरिंग आहे, कोचीन विद्यापीठात सेफ्टी अँड फायर इंजिनिअरिंग. मात्र जहाजाचा सर्व्हेअर, म्हणजे जहाजं तपासणारा, व्हायचं मनात असेल, तर नेव्हल आर्किटेक्चर (जहाजाची रचना) किंवा मरीन इंजिनिअरिंगची वाट सरळ पडते. इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगसारख्या संस्था जहाजांची तपासणी करतात, तिथे फायर इंजिनिअरला थेट प्रवेश मिळेल असं गृहीत धरू नका.

आयएमयू-सीईटी, म्हणजे मर्चंट नेव्हीच्या अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा, त्यानं स्वतःहून मागितली तरच द्यावी. त्याआधी डोळ्यांची आणि रंग ओळखण्याची तपासणी करून घ्या, डेककडे, म्हणजे जहाज हाकणाऱ्या अधिकाऱ्यांच्या शाखेकडे, जाणारी बरीच मुलं तिथेच अडतात.

अर्ज भरायला बसाल तेव्हा ती वही टेबलावर असू द्या. कुठला नकाशा त्यानं आधी काढला आणि का, हे त्याला विचारा आणि मध्ये न बोलता ऐकून घ्या.