धाब्याचा कठडा

प्रिय चिरंजीव,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुझे पत्र पोहोचले. आजोबांच्या घराच्या दुरुस्तीत तीन महिने गेले, तरुण संघाच्या बैठका चुकल्या आणि रात्री शास्त्रवाचनाला बसले की डोळा लागतो, त्यामुळे आपण देवापासून दूर चाललो आहोत की काय, असे तू विचारले आहेस. वाचन पहाटे कर. त्यावर याहून अधिक सांगण्यासारखे नाही. घमेले उचलण्यात आणि भिंत घासण्यात देवाचे काही असते का, हा तुझा खरा प्रश्न आहे.

बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 22व्या अध्यायात, नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला, म्हणजे सपाट छताला, कठडा करावा, नाहीतर वरून कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष घरावर येईल, अशी आज्ञा आहे. नगरकडच्या माळवदाच्या घरात ज्याचे बालपण गेले, त्याला ती समजावून सांगावी लागत नाही, कारण उन्हाळ्यात कुरडया वाळत घालायला आणि रात्री निजायला सगळे घर वरच जात असे. त्या आज्ञेत प्रार्थनेचा किंवा अर्पणाचा उल्लेख नाही. शेजाऱ्याचे लेकरू वर खेळायला येईल, हे ध्यानात ठेवून विटांचे थर चढवायचे, एवढेच आहे. दारावर वचनाची पाटी लावण्याआधी तू तुझ्या गच्चीचा कठडा मोजावास, असे मला वाटते.

हातकामाचे गोडवे गाताना मात्र मी जरा जपून बोलतो. आपल्यापैकी अनेकांच्या पणजोबांनी गावाची कामे वेठीने केली, आणि त्या कष्टांना कोणी पवित्र म्हटले नाही. नासरेथकरांनीही येशूला ‘सुतार’ म्हटले ते हिणवण्यासाठीच, हे मार्काच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात दिसते. म्हणून तुझ्याकडे येणारा गवंडी आणि त्याच्याबरोबरची बिगारी बाई यांची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी त्यांच्या हातात पडली पाहिजे. अनुवादाच्याच 24व्या अध्यायात तसे स्पष्ट लिहिले आहे. शनिवारी एकदम हिशेब करू, असे तू लिहिले आहेस, ते मला रुचले नाही.

माझी एक फजिती सांगतो. तुझ्या वयाचा असताना मी मागच्या खोलीचा गिलावा स्वतः केला, ओळंबा लावून भिंत सरळ केली, आणि दुसऱ्या दिवशी उपदेशकांना बोलावून घरात प्रार्थनाही घेतली. सिमेंटच्या गिलाव्याला निदान सात दिवस पाणी मारावे लागते. उपासना सप्ताहाच्या गडबडीत मी दोनच दिवस मारले. दोन महिन्यांत भिंतीवर केसासारख्या चिरा उमटल्या, बोटाने ठोकले की जागोजाग पोकळ आवाज येई, आणि एका पावसाळी रात्री पानाएवढा पोपडा आईच्या ताटाजवळ पडला. आई काही बोलली नाही, तिने ताट फक्त बाजूला सरकवले. त्या भिंतीसाठी प्रार्थना झाली होती, पाणी मारले गेले नव्हते.

यरुशलेमचा कोट 52 दिवसांत उभा राहिला, त्याच्या कामकऱ्यांची यादी बायबलातल्या नहेम्याच्या पुस्तकाच्या 3ऱ्या अध्यायात आहे. ती कंटाळवाणी म्हणून लोक गाळतात. तू सावकाश वाच. त्यात सोनार आहेत, अत्तरे करणारे आहेत, शल्लूम आणि त्याच्या मुली आहेत, आपापल्या घरासमोरचा भाग दुरुस्त करणारे याजक आहेत; तकोवा गावच्या सरदारांनी कामाला मान लावली नाही, हेही लेखकाने नोंदवून ठेवले आहे. बैठका चुकल्याची तुला खंत आहे, तर संघालाच एकदा घरी बोलावून विटा वाहायला लाव. कोण येतो आणि कोण येत नाही, ते कळेल.

मी येत्या शनिवारी सकाळच्या एस.टी.ने येतो. माझा जुना ओळंबा आणतो. दोरी तेवढी नवी घेऊन ठेव. न्हाणीघराच्या फरशीखालचा कोबा झाला असेल, तर मी येईपर्यंत फरशी बसवू नकोस. पाण्याचा ढाळ मोरीकडे आहे की भिंतीकडे, ते बादलीभर पाणी ओतून आधी पाहू.

तुझा,
काका